चार टोल्यांची एक चटई

या, पुढे सरका. अजून थोडं. भिंतीला टेकून बसणाऱ्याला कीर्तनात झोप येते आणि गोष्टीत शंका येतात, म्हणून मी दोघांनाही पुढेच बोलावतो. आज तुम्हाला एका चटईची गोष्ट सांगायची आहे. चटईचं नाव ऐकून लगेच जांभई देऊ नका. आमचे कीर्तनकार बुवा म्हणत, देव जर खांबातून बाहेर येतो, तर चटईतून गोष्ट यायला काय हरकत आहे? ज्याच्या पायाशी सगळ्यांना जागा आहे, त्याला नमस्कार. झालं नमन. लांबवत नाही.

तेव्हा आमचा जिल्हा चांदा होता, राज्य मध्यप्रदेश होतं आणि सारे कागद नागपूरच्या वाटेनं येत. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली होती, पण आमच्या नानाजी मालगुजारांच्या मिशा गेल्या नव्हत्या. वैनगंगेच्या अलीकडे, सावली गावच्या बाजारातून सकाळी बैलगाडीनं निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं, अशा गावात मी मास्तर होतो. शाळेत मास्तर एकच. म्हणून हेडमास्तरही मीच आणि घंटा ठोकणारा चपराशीही मीच. हेडमास्तर या नात्यानं मी चपराशाला कधी बोललो नाही, आणि चपराशानंही माझा मान कायम राखला.

गाव म्हणायला एक, पण टोले चार. मधोमध धानवाल्या कुणब्यांची घरं. नदीच्या अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, तिथला म्होरक्या मुखरू. बाजाराच्या वाटेवर मुसलमानांची घरं, त्यात अयूबभाई शिंपी. आणि नाल्यापलीकडे, जंगलाला लागून, गोंडटोला. शाळेत चारही टोल्यांची पोरं नावानं होती. पण पाऊस सरता सरता गोंडटोल्याची पोरं दिसेनाशी झाली, आणि एका सकाळी तिथला पोचू माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"राम राम, गुर्जी."

"राम राम, पोचू. पोरं काऊन धाडत नाहीस?"

"बुधरी म्हन्ते, शाळेत जागाच नाई."

बुधरी ही त्याची लेक. "जागा नाही म्हणजे? सरकारी शाळा आहे ती!"

"सरकारी असन. पन थे वट्यावर बसते. पानी आलं का भिजते, ऊन आलं का तापते. म्हून म्या ठरवलं. धान कापून झाले का तिले आत्याकडं धाडतो, चामोर्शीच्या तिकडं. बकऱ्या राखन. तेथ जागा लय आहे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमण्याला उत्तर असतं. साध्या बोलण्याला काय देणार? "जागा झाली का सांगजा," एवढं म्हणून तो निघून गेला.

मी शाळेत जाऊन नीट पाहिलं. प्रत्येक पोर घरून बसायला पोतं आणत असे, आणि पोतं अंथरलं की तेवढ्यापुरता तो मालगुजार. जवळची पोरं आधी येत, आपापल्या टोल्याची पोती ऐसपैस पसरत. नाला ओलांडून येणारी पोरं शेवटी पोचत, आणि त्यांच्या वाट्याला ओटा येई. मी "सरका रे" म्हणालो की सारी सरकत, आणि मी फळ्याकडे वळलो की पुन्हा पसरत. फळ्याकडे पाठ करून मराठी लिहायची युक्ती मला अजून साधलेली नाही.

उपाय सुचला तो कीर्तनात. माझे सगळे उपाय तिथंच सुचतात, म्हणून बायको म्हणते, तुम्ही बुवांचं काहीच ऐकत नसाल. नवरात्रातलं कीर्तन होतं. मारुतीच्या देवळात लांबलचक सतरंजी. माझ्या एका बाजूला नानाजी, दुसऱ्या बाजूला मुखरू, मागे अयूबभाई. पेटीचा भाता फाटला की तेच शिवत, म्हणून ते दर कीर्तनाला येत आणि आपली शिवण टिकली का ते कान लावून ऐकत. बुवांनी गजर धरला, आणि माझ्या डोक्यात टाळ वाजला: इथं कोणी पोतं आणत नाही! सतरंजी एक, म्हणून माणूस माणसाला खेटतो. शाळेलाही एकच बिछायत हवी.

सरकारकडे ताटपट्टी, म्हणजे पोरांना बसायची लांब पट्टी, मागितली. उत्तर आलं, जुनी ताटपट्टी निकामी झाल्याचा दाखला जोडावा. मी कळवलं, जुनी कधी नव्हतीच. उत्तर आलं, नसलेली वस्तू बदलून देता येत नाही. हे वाक्य इतकं खरं होतं की मला वेदान्ताचा भास झाला.

माझी बायको भागीरथा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "घरोघरी बाया शिंदीच्या पानांच्या चटया विनते. एक लांब विनून घ्या ना."

नानाजींनी त्यात आपली भर घातली. "एका टोल्यानं विनली तं बाकीचे म्हनतीन, आमी काय मेलो? चारही टोल्याईले एक एक तुकडा विनू द्या, मास्तर. कोनाचे कोनावर उपकार नाई."

मला हा सल्ला इतका आवडला की मी त्यांच्या ओट्यावर चहा घेतला. पुढचा सारा घोळ त्या चहानं केला.

शिंदीची झाडं नाल्याच्या काठी होती. पण पानं तोडायला परवानगी हवी. जंगलखात्याच्या नाकेदारानं मला समजावून सांगितलं की पानं जंगलखात्याची, बुंध्यातून निघणारा रस आबकारीचा, आणि रस काढायला लावलेलं झाड असेल तर त्याच्या पानाला हात लावायचा नाही.

"म्हणजे सावली तेवढी आपली?" मी विचारलं.

"तेचं अजून काई आलं नाई," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमी असं करा, रस न काढलेली झाडं कोनती, थे आधी पाहून या."

म्हणून मी पहाटे उठून, हातात तांब्या घेऊन नाल्यावर गेलो. तांब्या कशासाठी, हे खेड्यात सांगावं लागत नाही. पण नेमका तो तांब्या हातात धरून मी एका शिंदीखाली मान वर करून उभा असताना नानाजींच्या आई रुखमाबाई वाटेनं चालल्या होत्या. त्या थबकल्या. माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. "चालू द्या, मास्तरभाऊ," म्हणाल्या आणि पदर सावरून गेल्या.

दुपारपर्यंत मी शिंदी, म्हणजे त्या रसाची दारू, पितो, हे चारही टोल्यांत माहीत झालं. गावात एकी कशी करावी या विवंचनेत मी होतो. ती अशी झाली. एकादशी न चुकवणारा माणूस मी! त्या दिवशीच्या कीर्तनात बुवांनी उत्तररंगाला नेमका एका मद्यपी राजाचा दाखला काढला. सारी सभा राजाऐवजी माझ्याकडे बघत होती. मी तोंडात तुळशीचं पान धरलं, तर शेजारचा म्हणाला, "वास मारते म्हून असन." मागून अयूबभाई कानाशी वाकले.

"मास्तरभाऊ, मी कोनाले सांगनार नाई."

"अहो अयूबभाई, सांगण्यासारखं काही नाहीच!"

"हौ ना," ते मायेनं म्हणाले. "म्हूनच."

त्यातल्या त्यात एक झालं. नाकेदाराची परवानगी लगेच आली. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "आधीच सांगाचं ना, मास्तर." अब्रू गेली होती. पानं तरी मिळू दे.

पानं वाळली, चिरली, चार टोल्यांत वाटली. मी सर्वांना माप सांगितलं: रुंदी दोन हात, लांबी तुमची पोरं बसतील एवढी. याहून साधं माप काय सांगावं? पण रुखमाबाईंचा हात म्हणजे कोपरापासून मुठीपर्यंत, आणि त्या मुळातच चणीनं लहान. अयूबभाईंची बायको खैरुन शिंप्याच्या घरची, तिनं हात म्हणून टेपवरचा आकडा धरला. ढिवरांचा हात जाळं मापायचा, खांद्यापासून निघणारा. आणि पोचूच्या बायकोचे हात मुळातच झाडावरची मोहफुलं खालून तोडावीत असे लांब. लांबीचं तर विचारू नका. पोरं बसतील एवढी म्हटल्यावर सगळ्यांनी पुढं होणारी पोरंही धरली. त्यात रुखमाबाईंना बातमी लागली की गोंडटोल्याचा तुकडा लांब होऊन राहिला आहे. त्यांनी हातभर वाढवला. ते ऐकून ढिवरवस्तीनं वाढवला.

चारही तुकडे शाळेत एकापुढं एक अंथरले. एका टोकाला अरुंद, पुढे रुंद रुंद होत गेलेली ती चटई पाहून अयूबभाई म्हणाले, "पायजामा चांगला झाला. नाडी कुठी घालाची?"

रुंदीचं निभलं असतं. लांबीनं घात केला. घरं जशी आहेत तशी चटई, असा नानाजींनी निवाडा दिला: आधी गाव, मग मुसलमान, मग ढिवर, मग गोंडटोला. शाळा संपली तरी चटई संपली नाही. गोंडटोल्याचा तुकडा उंबरा ओलांडून सारा ओट्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आली. गोंडटोल्याचीही आली, कारण मी मोठ्या ऐटीनं पोचूला निरोप धाडला होता, जागा झाली म्हणून. आणि पोरांनी काय करावं? प्रत्येक पोर आपल्या आईनं विणलेला तुकडा शोधून त्यावर जाऊन बसलं. का नाही बसणार? काल पोत्यांच्या सीमा तरी रोज बदलत होत्या. आज मी त्या विणून, वाळवून, सरकारी परवानगीनं अंथरल्या होत्या.

ओट्यावरून बुधरीनं हाक मारली. तिचं मराठी माझ्याहून सरळ होतं. "गुर्जी, जागा झाली. पन बाहीरच झाली."

मी तिला काही तरी चांगलं उत्तर देणार, तेवढ्यात आत भांडण लागलं. नानाजींचा नातू पत्रू यानं पाय लांब केला, तो अयूबभाईंच्या जैनबच्या तुकड्यावर गेला.

"पाय उचल. माह्या अम्मीनं विनली हे."

"मंग घेऊन जाय तुह्या घरी!"

जैनब शब्दाची पक्की. तिनं खरंच चटई गुंडाळायला घेतली. ते पाहून पत्रूनं आपली गुंडाळली. ढिवरांच्या पोरांनी आपली खांद्यावर टाकली. पाहता पाहता चार चटया चार वाटांनी घरी गेल्या. शाळेला सुटी मी दिली नव्हती, चटईनं दिली. मी हेडमास्तर, रिकाम्या शाळेत उघड्या मुरमावर बसून राहिलो. चपराशानं घंटा ठोकावी की नाही, हे त्याला कोणी सांगेना.

संध्याकाळी पोचू वाटेत भेटला. "कापनी संपत आली, गुर्जी," एवढंच म्हणाला.

घरी येऊन मी भागीरथेला म्हटलं, माझ्यानं काही व्हायचं नाही, मी टाळ कुटावेत हेच बरं. तिनं मला सांत्वनाचा एक शब्द दिला नाही. म्हणाली, "सुटे तुकडे कोनीबी उचलून नेईन. सांधा घाला ना."

आता शिंदीच्या चटईचा सांधा कसा असतो ते ऐका. चटई विणायला एकीचे दोन हात पुरतात. सांध्याला पुरत नाहीत. दोन्ही चटयांची टोकं उसवायची, एकमेकींवर चढवायची. एकीनं आपलं पान खुपसायचं, दुसरीनं ते आपल्या बाजूनं ओढून, मुडपून, परत द्यायचं. गुडघ्याला गुडघा लागतो, बोटाला बोट लागतं. त्याखेरीज सांधा बसत नाही.

हे ऐकून रुखमाबाईंनी आधी नातवाकडे पाहिलं. नातवाची शाळा सुटली होती, आणि घरात तो सर्वांना शाळेहून जड झाला होता. शेवटी म्हणाल्या, "आंघोळ करून येते, सांधा घालते, अन् पुन्हा आंघोळ करते. वैनगंगेत पान्याले का कमी आहे?"

खैरुन शाळेच्या दारात आली आणि उभीच राहिली. "बाई, कुठी बसू?"

"बस ना," रुखमाबाई खेकसल्या. "चटई तं टाकली आहे!"

पहिल्या दिवशी दोघी पानांशीच बोलल्या. दुसऱ्या दिवशी रुखमाबाईंनी खैरुनच्या मुडपण्यात खोट काढली, खैरुननं त्यांच्या ओढण्यात काढली, आणि खोट काढता काढता गोष्ट लेकींच्या सासरपर्यंत गेली. पुढं एकदा खैरुनला उशीर झाला, तर म्हातारी दारात उभी राहून ओरडत होती, "थे खैरुन कुठी राह्यली? माहं टोक उसवून राह्यलं ना!" त्या दिवशी दुसरी आंघोळ राहिली. खैरुनच्या नणंदेची गोष्ट अर्ध्यावर होती, ती टाकून कोण उठणार?

पलीकडच्या सांध्यावर मुखरूची बायको आणि बुधरीची माय. एकीला गोंडी येत नव्हती, दुसरीला मराठी बेताचीच. मधे बुधरी बसे. ती दोन्हीकडचं सगळं सांगे, सांगायचं तेही आणि सांगायचं नाही तेही.

"काय म्हन्ते तुही माय?"

"म्हन्ते, तुमी मासोळीसारख्या वळवळता, सांधा हालते."

मुखरूची बायको इतकी हसली की ओढलेलं पान हातातच तुटलं.

सांधे पुरे झाले आणि आम्ही चटई अंथरली. पाहतो तर काय! प्रत्येक सांध्यात दोन्हीकडची दोन-तीन हात चटई एकमेकींवर चढलेली. शाळेबाहेर गेलेलं शेपूट आपोआप उंबऱ्याच्या आत आलेलं. नानाजी दोनदा उंबऱ्यावर बोट ठेवून पाहून गेले. कोणाची चटई कमी केली, असा त्यांना संशय होता, आणि कोणाची ते सापडेना.

पोरं आली आणि नवंच नाटक सुरू झालं. शाळेची जमीन मुरमाची. एकपदरी चटईतून खडे टोचत. सांधा मात्र दुपदरी, गादीसारखा. हे कोणाच्या बुडाला आधी कळलं, यावर अजून वाद आहे. दुपारपर्यंत सगळी शाळा तीन सांध्यांवर दाटली, आणि मधे चटईचे पट्टे ओस पडले. पत्रू ढिवरांच्या पोरांत घुसला, जैनब बुधरीला खेटून बसली. "सरक", "नाई सरकत", "तू सरक" याशिवाय शाळेत शब्द नाही. गोंडीत सरक कसं म्हणतात ते साऱ्या शाळेला आठवड्यात आलं. मला अजून नीट जमत नाही.

आणि अशातच डिप्टीसाहेब आले. शाळातपासणीचे साहेब, पायात बूट, मागे सायकल धरून एक माणूस. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"मास्तर, मुलं अशी ढिगाऱ्यानं का बसली आहेत? मधे सगळं मैदान मोकळं!"

"साहेब, ती आपोआपच..."

"आपोआप? रांगा कुठं आहेत? आणि गोंडटोल्याची मुलं शाळेत येत नाहीत, असं मागच्या खेपेला होतं. आली आहेत का? कुठं बसवता त्यांना?"

मी बोट दाखवायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. कुठं दाखवू? तिन्ही ढिगाऱ्यांत ती होती, पण नुसती डोकी आणि कोपरं दिसत होती.

"गोंडटोल्याच्या मुलांनी उभं राहावं," साहेब म्हणाले.

कोणी उठलं नाही. साहेबांनी पुन्हा सांगितलं. कोणी हललं नाही. मी विठ्ठलाचं नाव घेतलं. माझी अब्रू शिंदीखाली एकदा गेलीच होती. उरलेली आता गेली, असं मला दिसलं.

आणि नेमका तेव्हाच दारात पोचू येऊन उभा राहिला. कापणी झाली होती. हातात गाठोडं होतं, वाटेच्या शिदोरीचं. चामोर्शीची गाडी नाल्यापाशी थांबली होती.

"चाल, बुधरी."

बुधरीनं बापाकडे पाहिलं. उठली नाही.

"ऊठ ना वो. गाडी जाइन."

"बाबा, मी उठली तं जागा जाइन."

पोचूला आधी समजलंच नाही. "कोनती जागा?"

"हे!" तिनं सांध्यावर थाप मारली. एका बाजूनं जैनब होती, दुसऱ्या बाजूनं पत्रू अर्धा झुकून तयारच होता, कधी ही उठते आणि कधी मी सरकतो म्हणून. बुधरीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि आणखी घट्ट बसली.

पोरं का उठत नाहीत, ते डिप्टीसाहेबांना कळलं होतं, कोणी उभं न राहताच. पोचूनं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"गुर्जी, लेक म्हन्ते, जागा जाइन."

"जाईल खरी," मी म्हणालो. "पत्रू सोडणार नाही."

"मंग राहू द्या."

"आणि आत्याच्या बकऱ्या?"

"बकऱ्याईचं काय," तो हसला, "थ्या कुठीबी बसतेत."

त्यानं गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं, पोरांना खायला म्हणून, आणि तो नाल्याकडे चालू लागला.

डिप्टीसाहेबांनी जाताना शेरा दिला: मुलांची बसण्याची शिस्त असमाधानकारक. मी तो दोनदा वाचला. पुढं बदल्या झाल्या, राज्य बदललं, साहेब बदलले, मला चांगले शेरेही पुष्कळ मिळाले. पण घरी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवावा असा शेरा तो एकच.

तर मंडळी, गोष्ट झाली. आता आरती होईल, बुक्का लागेल, आणि गर्दीत कोणाचं तरी कोपर तुम्हाला लागेल. रागावू नका. तेवढ्यात एक काम माझं करा. गाडी थांबवून, शिदोरी बांधून लेकीला न्यायला आलेला, आणि लेकीनं परत पाठवलं म्हणून हसत एकटाच नाला उतरून गेलेला पोचू, त्याची एकदा आठवण काढा.